घरच्या वेलाची काकडी

काकडी चाखल्याशिवाय चिरायची नाही, ही मिनाच्या सासरची जुनी रीत. देठाकडचं टोक कापायचं, कापल्या जागेवर तेच घासायचं, पांढरा फेस निघाला की पुसायचा अन् मग एक चकती तोंडात टाकायची. कडू निघाली तर शेळीपुढं. पण त्या दिवशी मिनाचा सोमवार होता. सोळा सोमवारांचं व्रत धरलं होतं तिनं, तेही कडक. दिवा लागेस्तोवर तोंडात तीळसुद्धा घालायचा नाही. अन् धरलं होतं कशासाठी, तर नवऱ्याच्या जिभेसाठी. देवाची तऱ्हा अशी असते बघा.

नवरा दिपक हैदराबादच्या एका मोठ्या हॉटेलात सॅलड करायला होता. ज्याच्या पणज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, तो कळमनुरीकडच्या लमाण तांड्यातला पोरगा तिथं परदेशी पाहुण्यांना ग्रीक सॅलड करून घालायचा, अन् पाहुणे ताटली पुसून खायचे. दिवाळीला गावी आला, कनेरगाव नाक्यापाशी मोटारसायकल घसरली, डोक्याला मार बसला. जखम भरली, पण वास अन् चव दोन्ही गेले ते गेलेच. गोड, खारट, आंबट, सगळं तोंडात नुसती माती. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, येईल तर येईल. आता ह्याला इलाज म्हणायचा का? तेव्हापासून माणूस खाटेवर बसून भिंतीकडं बघायचा. वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही.

अन् आता हॉटेलच्या मालकाचा फोन आला होता. जीभ आली असेल तर ये, माझ्यासमोर सॅलड करून दाखव. नसेल तर मी दुसरा माणूस बघतो. सरळ गोष्ट. मालकाला तरी काय बोल लावायचा, आंधळ्याला कोणी राखणीला ठेवत नाही.

"आधी घरी करून पाहतो," दिपक म्हणाला. "थोडं थोडं कळून राहिलंय मला."

मिनाच्या मनात आलं, खरंच असेल का हे? विचारायची हिंमत झाली नाही तिला. नांदेडहून सामान आणवलं होतं: काळे ऑलिव्ह, ऑलिव्हच्या तेलाची बाटली, मेंढीच्या दुधाचं खारट चीज, एक वाळलेला पाला. टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची बाजारची. काकड्या मात्र परसातल्या, मिनानं स्वतः लावलेल्या वेलाच्या.

दिपक पाटावर बसला अन् विळी बाजूला सारून त्यानं हॉटेलातली सुरी काढली. हात अजून तसाच चालत होता. सासरे वसराम ओसरीवरून बघत होते.

"एवढाल्या फोडी? बैलाला घालायच्या हायत का?"

"बा, ही कोशिंबीर न्हाई. ह्याच्यात कूट न्हाई, फोडणी न्हाई. फोडी मोठ्याच पाहिजेत."

"मंग हाय काय ह्याच्यात?"

दिपक हसला. किती दिवसांनी हसला तो! मिनानं पदर डोळ्याला लावला, अन् तो कांदा कापून राहिला होता म्हणून बरं, कोणाला कळलं नाही.

काकडीचं टोक तिनं रीतीप्रमाणं घासलं, फेस पुसला, चकती कापून त्याच्यापुढं धरली. "आज तुमीच चाखा. माझा सोमवार हाय."

त्यानं चकती तोंडात टाकली, सावकाश चावली. "गोड हाय."

"कळलं तुमाला?"

"व्हय. कळलं."

तिनं मनातल्या मनात महादेवाला हात जोडले. त्यानं फोडी टाकल्या, वर चीजची अख्खी वडी ठेवली, तेल सोडलं, पाला चुरडला. तिच्यासाठी कांदा वगळून एक वाटी निराळी काढून ठेवली. अन् पहिली ताटली बापापुढं.

"बा, खरं सांगा. माझा माझ्यावर भरवसा न्हाई."

वसरामनं एक फोड खाल्ली. दुसरी खाल्ली. म्हातारा खाली मान घालून खात राहिला, ताटली रिकामी केली अन् म्हणाला, "बेस झालंय. जा तू हैदराबादला."

दिपकनं तिथंच फोन लावला. "आ रहा हूँ साब. जबान आ गई." मिनानं ट्रंकेतून त्याचा पांढरा कोट काढला अन् उन्हात टाकला. त्या घटकेला त्या घरात जेवढा आनंद होता तेवढा वर्षात नव्हता, हे खोटं नाही.

दिवा लागला. मिनानं पूजा केली, चुरम्याचा घास घेतला अन् वाटी पुढं ओढली. दिपक आपली ताटली घेऊन तिच्यासमोर बसला. तिनं काकडीची फोड तोंडात घातली.

कडूजहर. कारल्याच्या बापासारखी कडू. घशापर्यंत कडवटपणा गेला. तिनं तोंड सरळ ठेवायचा जीव तोडून प्रयत्न केला, पण उपाशी पोटी तोंड कुठं ऐकतं. समोर दिपक त्याच काकडीच्या फोडी आरामात चावत होता.

चव गेली तरी नजर गेली नव्हती त्याची. खाणाऱ्याचं तोंड वाचायची आचाऱ्याची सवय.

"काकडी कडू हाय?" त्यानं विचारलं.

मिनानं हो म्हणून मान हलवली.

तो बापाकडं वळला. "बा, तुमाला कळलं न्हाई?"

वसराम म्हणाले, "तू हसला होतास रे. मला न्हाई सांगवलं."

"अन् मला ती गोड लागली न्हवती," दिपक म्हणाला. "कायच लागलं न्हवतं. म्हणलं, घरच्या वेलाची हाय तर गोडच आसल."

मिनाला वाटलं, सोमवार धरला नसता तर ही काकडी तिनं सकाळीच शेळीपुढं टाकली असती. पण त्यानं जीभ थोडीच आली असती? तिनं ताटली ओढायला हात पुढं केला. "नका खाऊ. पोट दुखंल."

त्यानं ताटली सोडली नाही. फोन खाटेवर पडला होता, मालकाला आता पुन्हा सांगायचं होतं, पण तो उठला नाही. एकेक फोड जिभेवर ठेवून, डोळे मिटून, तो कडू शोधत राहिला. "एकदा तरी लागू दे," म्हणाला. "कडू तर कडू."

ताटली संपली. मग त्यानं मिनाची वाटी मागितली.