वाकडी करंगळी

चित्रकाराच्या चाळीस वर्षांच्या मुखपृष्ठांचं प्रदर्शन भरणार होतं आणि निम्म्या चित्रांवर सालच नव्हतं. मांडणी करणारी मुलगी डोक्याला हात लावून बसली.

"मला काय विचारतेस? मला काल काय खाल्लं ते आठवत नाही," तो खेकसला.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. तिने एकेक चित्र उचललं आणि पत्ते वाटावेत तसे भराभर दोन गठ्ठे केले. "हे करंगळी मोडायच्या आधीचे, हे नंतरचे."

कुठलाही हात काढायचा झाला की तो स्वयंपाकघराकडे हाक मारायचा, "जरा हात दे गं!" ती हातातलं काम टाकून यायची. खुन्याचा, डॉक्टरचा, राणीचा, सगळे हात तिचेच होते.

"पण समीक्षकांनी तर लिहिलंय, मधल्या काळात यांच्या रेषेला नवं वळण आलं!" मुलगी म्हणाली.

"कसलं डोंबलाचं वळण! दारात बोट चेंगरलं होतं माझं. धाकटी तेव्हा दोन महिन्यांची होती, आता पंचवीस वर्षांची आहे, म्हणजे साल काढ तू. याला हाका मारल्या, पण हा चित्रात बुडालेला. शेवटी मीच पट्टी बांधली."

चित्रकाराने चष्मा काढला. ती वाकडी करंगळी त्याने शेकडो वेळा काढली होती, अगदी सावलीसकट, तंतोतंत.

"फार दुखलं होतं का गं?"

"आत्ता विचारतोयस?" म्हणत तिने रिकामे कप उचलले.