एक सॉकेट आणि दोन गाड्या

माझ्या मुलीने, इंगाने, ज्या नवऱ्याला सोडलं होतं त्याच्याशीच पुन्हा लग्न केलं, ते वर्ष २०१९. लग्न जानेवारीत झालं. पाद्र्याने दुसऱ्या खेपेलाही पहिलंच प्रवचन दिलं. पहिल्या खेपेला रडलेले पाहुणे या वेळी जेवण कधी लागतंय याच्याकडे डोळे लावून बसले होते.

त्या लग्नाला माझा मेहुणा बिएरा विजेवरची नवी गाडी घेऊन आला. निळी, गुळगुळीत, आवाज नाही की वास नाही. माझी गेलेली बायको त्याची सख्खी बहीण, म्हणून मी त्याला फार बोलत नसे. पण त्या दिवशी राहवलं नाही.

"अरे, ही गाडी तिकडे दक्षिणेत, ओस्लोच्या लोकांसाठी असते. त्यांच्याकडे थंडी टीव्हीवर दाखवतात."

"दाजी, तुमच्या गाडीचं एक दार हिरवं आहे आणि बाकीची लाल. तुम्ही नका बोलू."

बिएराने ती गाडी कोणासाठी घेतली हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पठारापलीकडे, आमच्यापासून साठ किलोमीटरवर, नदीकाठी रिस्तेन एकटी राहायची. तिचा नवरा हेइका जाऊन तीन वर्षं झाली होती. मी दर शनिवारी तिच्याकडे कॉफीला जायचो, बिएरा दर रविवारी. आम्ही ठरवलं नव्हतं, आपोआप तसं पडलं होतं. शनिवारी मी काय बोललो ते रविवारी बिएराला कळायचं आणि पुढच्या शनिवारी मला त्याची उत्तरं ऐकायला मिळायची.

आमच्याकडे ईस्टरला सगळं पठार गावात उतरतं. चर्चच्या आवारात कोण कोणाच्या गाडीतून उतरलं, हे पाद्र्यासकट सगळे बघतात. पुढच्या सीटवरून बाई उतरली की विषय संपला, साखरपुडा वेगळा करावा लागत नाही. रिस्तेनने माझ्या पुढच्या सीटवरून उतरावं, एवढंच मला त्या वर्षी हवं होतं. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. घरात मी एकटाच बोलायचो आणि एकटाच चिडायचो.

फेब्रुवारीत मी रिस्तेनला सरळ विचारलं. ती म्हणाली, "बिएरानेही विचारलंय. मला पठारावर मध्येच सोडणाऱ्या गाडीत मी बसणार नाही. या शनिवारी दोघंही या. बघू कोण कसा येतो ते."

त्या शनिवारी उणे त्रेचाळीस होतं.

आता खरं सांगायचं तर त्या थंडीत बिएराची गाडी सुरू व्हायची पण पोचायची नाही, आणि माझी पोचायची पण सुरू व्हायची नाही. माझ्या इंजिनाला आतून शेकणारा हीटर होता. त्याची वायर गाडीच्या नाकातून बाहेर लोंबायची आणि रात्रभर भिंतीतल्या सॉकेटला लावून ठेवावी लागायची. एकदा सुरू झाली की मग पेट्रोल पीत पीत ती रशियातही गेली असती.

मी अकराला पोचलो. दारात उतरतो न उतरतो तोच मागून निळी गाडी आवाज न करता आली. बिएरा उतरला तेव्हा मी हसून हसून खोकलो. अंगात रेनडिअरच्या कातड्याचा कोट, त्यावर आणखी एक कोट, डोक्यावर दोन टोप्या, भुवयांवर बर्फ. गाडीतला हीटर लावला की तिची ताकद निम्मी होते, म्हणून पठ्ठ्याने साठ किलोमीटर हीटर बंद ठेवला होता. काचेवर आतून साचलेला बर्फ तो लोण्याच्या सुरीने खरवडत आला होता. सुरी अजून हातातच होती.

रिस्तेनच्या घराला बाहेरच्या अंगाला एकच सॉकेट. मी माझी वायर लावली.

"दाजी, वायर काढा. माझ्या गाडीत अकरा टक्के उरलेत."

"माझ्या गाडीला टक्के कळत नाहीत. इंजिन गार पडलं की तेलाचं डांबर होतं."

"म्हणजे पेट्रोलची गाडी, आणि विजेसाठी भांडतेय!"

"माझी नुसते पाय शेकायला मागते. तुझी जेवायला मागते."

"मग चालू ठेवा ना तशीच!"

पण खिडकीखाली धूर सोडत उभी राहिलेली गाडी रिस्तेनला चालायची नाही. शेवटी बिएराने डिकीतून एक दुहेरी जोडणी काढली आणि दोन्ही वायरी एकदम लावल्या. घरात फट् झालं. दिवा गेला, पाण्याचा पंप गेला, रेडिओवरची बाई अर्ध्या वाक्यात गप्प झाली.

रिस्तेन दारात आली. तिच्या पायाशी मुस्ता, तिचा काळा कुत्रा. तोही आमच्याकडे बघत होता, आणि त्याचं मत चांगलं दिसत नव्हतं.

"तुमची दोघांची वयं मिळून एकशे सदतीस," ती म्हणाली. "आता घरात शेवटचा फ्यूज उरलाय. एका वेळी एकच गाडी. काय ते ठरवा आणि आत या, हाडं शिजलीयेत."

बिएराची वायर आधी लागली, कारण त्याला खरंच कापरं भरलं होतं आणि मला त्याची थोडी कीव आली. आत आम्ही मांसाचा रस्सा घेतला, नळ्या फोडून त्यातला मगज चोखला, आमच्याकडच्या रीतीने कॉफीत चीजचे तुकडे टाकले. रेडिओ पुन्हा बोलायला लागला होता. पठारावर वारा वाढतोय, चार वाजता फाटक लावून रस्ता बंद करणार, मग रस्ता कधी उघडेल ते सांगता येत नाही.

मी नळी चोखत होतो, ती तशीच हातात राहिली.

चारच्या आत ज्याची गाडी हलेल तो घरी जाईल. ज्याची हलणार नाही तो इथे राहील. चुलीशेजारी, रिस्तेनच्या समोर.

मी बिएराकडे पाहिलं. त्याचंही चघळणं थांबलं होतं.

"बिएरा," मी म्हणालो, "तुझी वायर राहू दे हं. माझ्या गाडीचं बघू नंतर."

"छे छे, दाजी. तुम्ही वडीलधारे. तुमचं इंजिन गार पडेल."

"पडू दे रे. इंजिनाचं काय एवढं!"

"असं कसं? मी आत्ता काढतो माझी."

तो बाहेर गेला आणि त्याने त्याची वायर काढून माझी लावली. तो आत आल्यावर मी लघवीच्या निमित्ताने बाहेर गेलो आणि माझी काढून त्याची लावली. मग त्याला कुत्रा फिरवायची लहर आली. मुस्ता उंबऱ्यापाशी बसून राहिला, तर बिएरा एकटाच फिरून आला. दीड तासात आम्ही दोघांनी मिळून सहा फेऱ्या मारल्या. माझ्या नाकाचं टोक पांढरं पडलं. दोघांच्या सभ्यपणाला सीमा राहिली नव्हती.

अडीचला रिस्तेन लाकडं आणायला गेली. परत आली ती रिकाम्या हाताने.

"सॉकेटमध्ये कोणाचीच वायर नाहीये."

आम्ही दोघांनी एकदम टेबलाकडे पाहिलं.

"सकाळी जिच्यासाठी भांडत होतात ती वीज आता दोघांनाही नकोय?"

"तसं नाही," मी म्हणालो, "माझं इंजिन मुळातच जरा..."

"आणि माझी बॅटरी..." बिएरा म्हणाला.

"समजलं," रिस्तेन म्हणाली. "इंजिन थंड आणि म्हातारे गरम."

तिने हेइकाचा जाड कोट चढवला, गोठ्यामागच्या शेडमधून लांब वायर ओढत आणली आणि सॉकेटला लावली. शेडमध्ये हेइकाचा जुना डिझेलचा ट्रक होता. हेइकाने उभ्या आयुष्यात तिला त्याच्या स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. तो गेल्यावर दोन हिवाळे ती गोठलेल्या नदीवर एकटीच ट्रक चालवायला शिकली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. आमच्यापैकी एकानेही तिला कधी विचारलं नव्हतं, की तू आठवडाभर काय करतेस.

सव्वा तासाने ट्रक खोकला आणि सुरू झाला.

"माझी बहीण तीन वर्षं बोलावतेय," ती खिडकीतून म्हणाली. "ती नदीच्या वरच्या अंगाला राहते, मध्ये पठार लागत नाही. पण शनिवारी एकजण येऊन बसतो, रविवारी दुसरा. जायचं कधी मी? लाकडं फोडून ठेवा. पलंग एकच आहे, हेइकाचा. बिएरा घोरतो. योव्ना, तू भिंतीकडे झोप."

"आणि आम्ही निघालो तर?" मी विचारलं.

"निघा की. सॉकेट मोकळं झालंय."

मुस्ता उडी मारून पुढच्या सीटवर बसला. ती गेली.

सॉकेट मोकळं झालं तेव्हा चारला दहा कमी होते. फाटक बंद झालं. तीन दिवस आम्ही दोघं त्या घरात राहिलो. बिएरा खरंच घोरायचा. त्याची बहीणही अशीच घोरायची, हे मी त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तर त्याने हातातला ओंडका फोडून बाजूला रचला. मग म्हणाला, "दाजी, पेट्रोलचा वास मला आवडतो. पण हे गावात सांगू नका." आम्ही इतकी लाकडं फोडली की रिस्तेनला ती मे महिन्यापर्यंत पुरली.

मंगळवारी ती परत आली. लाकडं बघितली, कॉफी ठेवली.

"ईस्टरला मी माझ्या ट्रकने जाणार," ती म्हणाली. "मागे दोघांना जागा आहे."

"आणि पुढे?" मी विचारलं.

"पुढे मुस्ता बसतो."

ईस्टरला ती आम्हाला न्यायला बिएराच्या दारी आली. तिथून चर्च चालत सात मिनिटांवर आहे, तरी आम्ही गाडीत बसून गेलो. आवारात आधी रिस्तेन उतरली, मग पुढच्या सीटवरून मुस्ता, मग मागून आम्ही दोघं. पाद्र्याच्या हातातलं पुस्तक पडलं. इंगा नवऱ्याच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होती.

त्यानंतर दर शनिवारी रिस्तेन बाजाराला गावात यायची. आम्ही दोघं मागे बसायचो, दुकानापर्यंत, पुलापर्यंत, कधी तळ्यावर मासे धरायला. माझी लाल गाडी मी इंगाला दिली, तिने ती भंगारात घातली. बिएराची निळी गाडी त्याच्या दारात वायर लावून उभी असायची, नेहमी शंभर टक्के भरलेली.

मुस्ता २०२१ च्या ऑक्टोबरात मेला. पुढची सीट कोणाची, यावर आम्ही पुलावर ट्रक थांबवून भांडलो. रिस्तेनने एक शनिवार याचा, एक शनिवार त्याचा असं ठरवून दिलं. पहिला माझा. बिएराची पाळी सात वेळा आली. तो १९ जानेवारी २०२२ रोजी, बुधवारी, हृदय बंद पडून वारला.