मर्यादेच्या वरची नोकरी

"पगार मर्यादेच्या वर गेला की सरकारी मदत बंद," खिडकीपलीकडचा कारकून म्हणाला. "पाळणाघराची सवलतही जाणार. नियम आहे, ताई."

"अहो, मिळणार मूठभर आणि जाणार पसाभर! बढती घेऊन मी आणखी गरीब होऊ?"

"हिशेब तसाच निघतो खरा." त्याने आवाज खाली आणला. "साहेबांना सांगा, कागदावर कमी दाखवा. पुष्कळजण करतात."

"आणि उद्या माझ्या हाताखालच्या बायका खोटं लिहा म्हणाल्या, तर कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, असं पुटपुटत ती पायऱ्या उतरली. इस्पितळाच्या धुलाईघरात तिची आठ वर्षं गेली होती. मुलगी सहा महिन्यांची असताना नवरा सोडून गेला, त्याने मागे वळून पाहिलं नाही. चादरींचे रक्ताचे डाग काढून काढून तिच्या बोटांची सालं निघत. पण तिने धुतलेली चादर डाग राहिला म्हणून कधी परत आली नाही. म्हणूनच मुकादमाची जागा रिकामी होताच साहेबांनी तिला बोलावलं होतं.

बढतीला नाही म्हटलं असतं तर मदत चालू राहिली असती. पण मुलगी मोठी झाली की ती थांबणारच होती, आणि ही तिथंच चादरी पिळत बसली असती.

दुसऱ्या दिवशी तिने सही केली. एकच अट घातली: कामाच्या पाळ्या मी लावणार.

इस्त्रीवरच्या बाईला जुळी होती, नवरा नव्हता. "तू सकाळी ये, मी दुपारी," मुकादमबाई तिला म्हणाली. "सकाळी तुझी पोरं माझ्याकडे, दुपारी माझी तुझ्याकडे."

"साहेब ओरडले तर?"

"चादरी वेळेवर गेल्यावर कोण ओरडतंय!"

पहिले महिने ओढाताणीचे गेले. बसचे पैसे वाचवायला ती चालत येई. पण चादरी वेळेवर गेल्या, आणि वर्षाच्या आत आणखी चौघींच्या पाळ्या अशाच जुळल्या.

एका संध्याकाळी ती इस्त्रीवरच्या बाईकडे मुलीला आणायला गेली, तर पोर तोंड वासूनच धावत आली. पहिला दात पडला होता.

"मावशीने काढला. मी रडलेच नाही!"

मुकादमबाई उंबऱ्यातच बसली. मुलीची हनुवटी उजेडाकडे वळवून तिने ती इवलीशी फट कितीतरी वेळ न्याहाळली.

"कसा काढला? सांग बरं," ती म्हणाली. "अगदी पहिल्यापासून सांग."