चारशे अंशांवर दहा मिनिटं

माझी बायको शुभदा फिजिक्सची प्रोफेसर होती. मी घड्याळांच्या कारखान्यात फिटर होतो. लोकांना या जोडीचं नवल वाटायचं. ती पुण्याची. मी इथलाच, तीन पिढ्या बंगळूरात काढलेल्या मराठी घरातला. माझं मराठी ऐकून ती म्हणायची, "अहो, तुमची भाषा म्हणजे सांबारात बुडवलेली पुरणपोळी." मी म्हणायचो, "खाऊन तर बघा." असं तीस वर्षं चाललं.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये ती गेली.

सप्टेंबरात एका रविवारी सकाळी मेघाश्री मल्लेश्वरमच्या आमच्या घरी आली. ही शुभदाची शेवटची विद्यार्थिनी. हीसुद्धा माझ्यासारखीच इथल्या जुन्या मराठी घरातली, मला अण्णा म्हणते. मी कॉफी केली. ती कपाकडे बघत बसली.

"अण्णा, मॅडमच्या वह्या घरी आहेत काय? लॅबातल्या सोडून?"

"नाही. तिच्या सगळ्या कामाच्या वह्या तिकडेच. घरी फक्त वाण्याची यादी लिहायची."

"मग झालं," ती म्हणाली.

काय झालं ते तिने हळूहळू सांगितलं. शुभदाचं काम काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण ते तिने मला जेवताना अनेकदा समजावलं होतं. सिलिकॉनची गुळगुळीत चकती हवा काढलेल्या भांड्यात ठेवायची. तिच्यावर चांदीची वाफ सोडायची, अगदी थोडी. मग चकती तापवायची. चांदीचे कण सरकतात आणि आपले आपण लहान लहान ढीग करून रांगेत बसतात. एका केसाच्या जाडीत असे तीन-चार हजार ढीग मावतात. कोणी त्यांना बसवत नाही. "लग्नातल्या पंगतीसारखं," ती सांगायची. "यजमान कुणाचा हात धरून बसवत नाही, तरी रांगा होतात ना? फक्त लोकांना दारातून आत यायला वेळ द्यावा लागतो." निदान ती तसं म्हणायची. तिच्या ढिगांच्या रांगा मात्र होत नव्हत्या. चार वर्षं नुसती गर्दी व्हायची.

फेब्रुवारीत एकदाच झाल्या. सरळ रांगा, सगळे ढीग सारख्या मापाचे. तो फोटो तिने घरी आणून मला दाखवला होता. त्यावर तिने लेख लिहिला, एप्रिलमध्ये बाहेरदेशच्या एका मासिकाला पाठवला. आता तिकडून पत्र आलं होतं. निकाल चांगला आहे, पण एकाच चकतीवरचा आहे. दुसरी करून दाखवा.

"तीनदा केली," मेघाश्री म्हणाली. "त्याच डब्यातली चकती. वहीत जसं लिहिलंय तसंच. तिन्ही वेळा गर्दी."

"चौथ्यांदा कर."

"मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे अण्णा. आणि डिपार्टमेंटात लोक बोलतात."

"काय बोलतात?"

"आजारी होत्या, म्हणतात. जे बघायचं होतं तेच त्यांना दिसलं असेल, म्हणतात. लेख मागे घे, मॅडमचं नाव कशाला खराब करतेस, असं मला दोघांनी सांगितलं. चांगल्या मनानेच सांगितलं."

मला राग आला. शुभदा वाण्याच्या यादीतसुद्धा खाडाखोड करत नसे. मी विचारलं, "वहीत काय लिहिलंय?"

तिला ते पाठ होतं. "एकोणीस फेब्रुवारी. चांदी तीन थर. चारशे अंश, दहा मिनिटं. मग हीटर बंद."

एकोणीस फेब्रुवारी म्हटल्यावर माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली.

मेघाश्री म्हणाली, "त्या दिवशी मी नव्हते. के. आर. पुरमला अक्काकडे बारसं होतं. नाहीतर स्टॉपवॉच मीच धरते."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "त्या दिवशी मी धरलं होतं."

त्या दिवशी मी काय केलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. शुभदालाही नाही.

मी कारखान्यातून लवकर निवृत्ती घेतल्यापासून रोज साडेचारला स्कूटरवर कॉफीचा थर्मास घेऊन तिच्या लॅबच्या मागच्या दाराशी जायचो. तिथे दगडी बाक आहे. तिच्या खोलीत घड्याळ नव्हतं. चकतीवरून फिरून फोटो काढणाऱ्या यंत्राच्या सुईला भिंतीवरची टिकटिकही सोसत नाही म्हणून तिने ते उतरवलं होतं. मनगटाला ती कधीच बांधत नसे. घड्याळवाल्याची बायको बिनघड्याळाची, म्हणून माझे मित्र मला चिडवायचे.

त्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा चार तेहतीस झाले होते. म्हणाली, "मेघा नाहीये. हीटर आत्ताच चारशेवर आलाय. दहा मिनिटं झाली की सांगा, आज तुम्हीच माझं स्टॉपवॉच."

मी कॉफी ओतली. तिने घेतली नाही. मग तिने सकाळच्या रिपोर्टचं सांगितलं. डॉक्टरांनी तिला एकटीलाच बोलावलं होतं आणि ती मला न सांगता जाऊन आली होती. सांगताना तिचा आवाज वर्गात शिकवतानासारखा होता. उन्हाळा निघेल, म्हणाली, पावसाळ्याचं सांगता येत नाही.

तिने माझ्या बाहीचं बटण धरून ठेवलं होतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "किती झाली?"

घड्याळात बारा मिनिटं झाली होती. मी म्हणालो, "चार."

ती पुन्हा टेकली. मग ती पुण्याच्या गोष्टी सांगू लागली, तिच्या आईच्या, हौदात पडलेल्या मांजराच्या. मध्येच हसली. पुन्हा विचारलं, "आता?" पंचवीस झाली होती. मी म्हणालो, "सात." आयुष्यभर मी दुसऱ्यांची घड्याळं सेकंदाला लावून दिली. त्या दिवशी मला ती उठून जायला नको होती, एवढंच. सव्वापाचला गेटकडून कुणीतरी येताना दिसलं, तेव्हा मी म्हणालो, "दहा झाली." ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती फोटो घेऊन नाचत घरी आली. चकत्यांचा नवा डबा चांगला लागला, असं तिला वाटलं. मी गप्प राहिलो. तिचं काम बिघडलं नव्हतं, मग कशाला सांगायचं? ती गेल्यावर मात्र मला तो अर्धा तास चोरल्यासारखा वाटायचा.

हे सगळं मी मेघाश्रीला सांगितलं. बटणाचं नाही सांगितलं.

तिने बोटांवर हिशेब केला. मग म्हणाली, "चार तेहतीस ते सव्वापाच. बेचाळीस."

"बेचाळीस."

"नक्की अण्णा? स्वल्प इकडे-तिकडे?"

"मी फिटर होतो, पोरी."

"अय्यो, बेचाळीस," ती म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "आम्ही पंगतीला दारातूनच हाकलत होतो काय?"

मंगळवारी तिने मला लॅबमध्ये बोलावलं. दुपारचे अडीच वाजले होते. हीटर चारशेवर आल्यावर आम्ही दोघं मागच्या बाकावर जाऊन बसलो. मी सांगितलेल्या वेळेवर तिचा विश्वास नव्हता की काय कोण जाणे, तिने स्टॉपवॉचही आणलं होतं. बेचाळीस मिनिटं एरवी फार मोठी असतात. शुभदाबरोबर ती संपली कशी ते मला अजून कळत नाही.

चकती निवायला संध्याकाळ पुरली नाही, दुसरा दिवस उजाडला. बुधवारी सकाळी सुई फिरायला लागली. फोटो पडद्यावर एकदम येत नाही, वरून एकेक ओळ उतरते. पहिल्या ओळींत मला काही कळलं नाही. मेघाश्रीने तोंडावर हात ठेवला. मग मलाही दिसलं. ढीग ओळीने बसत गेले, एकाखाली एक, वाढपी पुढे सरकावा तसे. पाऊण फोटो होईपर्यंत तिने मला बोलू दिलं नाही. आवाजाने सुई हलते म्हणे.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आता कोण काय बोलतो ते बघते." मग म्हणाली, "अण्णा, मॅडमना कळलं नसेल काय? उन्हं कललेली तरी दिसली असतीलच की."

त्या दिवशी ऊन बाकावरून कुठवर सरकलं होतं ते मी आठवून पाहिलं.

तिने परत आत जाऊन कपाटातून शुभदाची निळी वही काढली आणि एकोणीस फेब्रुवारीचं पान उघडलं. अक्षर नेहमीचंच होतं, जरासं कललेलं. "हे नीट करावं लागेल," ती म्हणाली. "पण खोडायचं नाही. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, कारण, सही, तारीख. मॅडमचा नियम आहे. ज्याची चूक त्यानेच करायचं."

तिने मला पेन दिलं. मी 'दहा'वर एक रेघ मारली, कारखान्यात पट्टी धरून मारायचो तशी सरळ. शेजारी बेचाळीस लिहिलं.

"कारण," मेघाश्री म्हणाली.

मी लिहिलं, 'वेळ चुकीची सांगितली गेली.' वाचून बघितलं. मग 'सांगितली गेली'वर एक रेघ मारली, शेजारी लिहिलं, 'मी सांगितली', आणि सही केली.