नाव विचारणारी पोरगी

इलोइलो शहरातल्या इस्पितळात माझा नवरा क्रिसांतो तापाने पडून होता. शेजारच्या खाटेवर एलेउतेरियो, साखरेचा पेशंट. त्याला उकडायचं, आमच्या माणसाला पंख्याखाली हुडहुडी भरायची. मग सकाळी मी आणि त्याच्या बायकोने नवऱ्यांच्या जागाच बदलून टाकल्या. नर्सला कशाला त्रास द्यायचा!

संध्याकाळपर्यंत ताप चढला नाही तर घरी सोडणार होते. मी पिशवी भरूनच बसले होते.

तेवढ्यात रोडेसा आली. नर्सिंग शिकणारी पोरगी, आजच या वॉर्डात आलेली. हातात ट्रे, ट्रेमध्ये इंजेक्शन, आणि मागे तिला शिकवणाऱ्या विलारुएल बाई.

"तातय, पूर्ण नाव सांगता तुमचं?" बापाला हाक मारावी तसं तिने विचारलं.

क्रिसांतोने हसून मान डोलावली आणि बाही वर सरकवली.

"नाव, तातय."

"हो हो, बाळ."

माझं टाळकं सटकलं. "अगं, सकाळपासून जो येतो तो नावच विचारतो! टोच की सुई एकदाची, झोपू दे त्याला."

"नानय," मलाही तिने आईच केलं, "त्यांनी स्वतः सांगायला हवं. नाहीतर मनगटावरची नावाची पट्टी बघते."

"रोडेसा, अजून बाकीचे पेशंट राहिलेत," बाई म्हणाल्या.

पोरगी लालबुंद झाली, पण हटली नाही. पट्टी वाचली, पुन्हा वाचली आणि ट्रे बाजूला ठेवला. "बाई, हे एलेउतेरियो नाहीत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. काय सांगणार, कपाळ! जागा बदलल्याचं कसंबसं पुटपुटले.

"इन्सुलिन आहे ते," बाई म्हणाल्या. "यांच्या पोटात कालपासून अन्नाचा कण नाही. साखर एवढी उतरली असती की जिवावर बेतलं असतं." माझं लक्ष भरून ठेवलेल्या पिशवीकडे गेलं. घरी नेणार होते मी त्याला!

"मेल्या, तोंड उघडायला काय झालं होतं?" मी नवऱ्यावर ओरडले.

"पोरगी इतकं गोड विचारत होती," तो म्हणाला, "काय विचारते ते कळलंच नाही, पण तिला नाही कसं म्हणायचं?"

अख्खा वॉर्ड हसला. विलारुएल बाईसुद्धा हसल्या आणि रोडेसाच्या पाठीवर थाप मारून पुढे गेल्या.

रोडेसा मात्र हसत नव्हती. ती ट्रे उचलायला वाकली. मी तिचे हात घट्ट धरले.

"विचार गं पोरी," मी म्हटलं. "माझ्यासारखी कितीही ओरडली तरी विचार."