एवढ्या मोठ्या कारभारात

चर्चच्या पाळकसाहेबांनी गळ घातली आणि सून पेचात पडली. येत्या रविवारी उपासनेत तिने दहा मिनिटं आकाशाबद्दल बोलावं म्हणे! वेधशाळेत नोकरीला असलेली मंडळीत ती एकटीच. "एवढं अफाट विश्व रोज बघतेस, त्यातला देवाचा महिमा सांग की जरा," पाळकसाहेब म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू बोलणार म्हटल्यावर आई येतील गं. एरवी त्या काही यायच्या नाहीत."

आई म्हणजे तिची सासू. सासूचा वायरमन मुलगा, म्हणजे हिचा नवरा, विजेच्या खांबावरून पडून गेला, त्याला सात महिने झाले. तेव्हापासून म्हातारीने ना चर्चची पायरी चढली, ना कधी हात जोडले. बरं, रडणं नाही, आदळआपट नाही. सून कामावरून आली की फक्त विचारायची, "आज किती सापडले गं तारे?" सून सांगायची, वर अजून कितीतरी बघायचेच राहिलेत म्हणायची. ते ऐकलं की म्हातारीचा चेहरा सैल पडायचा. "बाप रे, केवढा हा पसारा!" म्हणायची आणि निवांत जेवायची. सुनेला वाटायचं, चला, श्रद्धेची धुगधुगी आहे अजून.

आणि हिची स्वतःची? खरं सांगायचं तर तिला त्या पसाऱ्याची धास्तीच बसली होती. नवरा होता तेव्हा वेधशाळेतले तेच आकाशाचे फोटो बघून ऊर भरून यायचा, प्रार्थना आपोआप ओठांवर यायची. आता वाटायचं, एवढ्या गर्दीत एका वायरमनला कोण ओळखणार? पण हे मंडळीसमोर बोलायचं कसं? आणि खोटं बोलायचं तर देवाच्या घरात, तेही सासूच्या तोंडावर! इकडे आड, तिकडे विहीर.

रविवारी सासू आली, अगदी शेवटच्या बाकावर बसली. सून पुढे उभी राहिली. लिहून आणलेला कागद तिने पर्समधून काढला, बघितला आणि परत ठेवून दिला.

"महिमा वगैरे मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "मी काय काम करते ते सांगते. आकाशाचे फोटो येतात. त्यात अगदी फिकट ठिपके असतात. तारा आहे की काचेवरची धूळ, काही कळत नाही. मग दुसऱ्या दिवशीचा फोटो घ्यायचा, आकाशातल्या त्याच जागी ठिपका शोधायचा. तिथेही दिसला तर तो खरा. एकेका ठिपक्यापायी अर्धा दिवस जातो. आमचे वरिष्ठ ओरडतात, 'बाई, कोट्यवधी पडलेत, एखादा सुटला तर काय बिघडतं?' पण मला नाही सोडवत." तिने शेवटच्या बाकाकडे बघितलं. "हे गेल्यापासून मला भीती वाटते, वर कुणाचं लक्षच नाही. पण मग वाटतं, मी पगारी बाई. मी एकही तारा घडवला नाही, तरी मला सोडवत नाही. मग ज्याने घडवले त्याला कसं सोडवेल? एवढाच आधार आहे माझा."

"आमेन," कुणीतरी म्हणालं. पाळकसाहेबांनी डोळे पुसले. तेवढ्यात सासू ताडकन उठली.

"म्हणजे त्याचं लक्ष होतं?"

"आई, बसा ना."

"बसते कशाला! मला वाटलं होतं, एवढ्या मोठ्या कारभारात नजर चुकली असेल त्याची. होतं असं. म्हणून मी त्याला माफ करून टाकलं होतं गं! आणि तू म्हणतेस तो बघत होता? माझं पोर पडताना?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं सुनेला झालं. काय करून बसले मी! करायला गेले एक आणि झालं भलतंच. म्हातारीला तगवून ठेवणारी एकच समजूत होती, तीही आपण हिसकावून घेतली.

पाळकसाहेब समजवायला पुढे झाले. म्हातारीने त्यांना हातानेच बाजूला सारलं, तरातरा वेदीपाशी गेली आणि मान वर करून कडाडली, "बघत होतास ना? मग हात का नाही दिलास? बोल की, तोंड शिवलंय का? सात महिने तुझ्याशी बोलले नाही, म्हटलं कामात असशील. आता नाही सोडायची तुला!"

सून जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली. सुनेने तिचा दंड धरला.

"तू पण विचार," सासू म्हणाली. "ऐकतोय ना तो? मग विचार. तुझा नवरा होता."

सुनेने वर बघितलं आणि विचारलं.