लाइन सोडली

सबस्टेशनचा कारभार हाती आल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिनीअरबाईंनी एका शब्दावर बंदी घातली. शब्द होता ‘लाइन’.

आता वीजखात्यात राहून ‘लाइन’ म्हणायचं नाही, म्हणजे न्हाव्याच्या दुकानात बसून ‘केस’ म्हणायचं नाही असं सांगण्यासारखं झालं. पॅनेलसमोर खुर्ची टाकून बसणाऱ्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. काका तिथले सगळ्यात जुने ऑपरेटर. कुठलं बटण कधी कुरकुरतं हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

“बाई, मग आमच्या लाइनमननं स्वतःला काय म्हणवून घ्यायचं? तारवाला?”

“ते हुद्द्याचं नाव आहे काका, ते राहू द्या,” बाई म्हणाल्या. “पण फोनवर कामाचं बोलताना तार असेल तर तार म्हणा, वीज असेल तर वीज, आणि रांग असेल तर रांग. एका शब्दात चार गोष्टी कोंबल्या की ऐकणारा त्याला हवी ती उचलतो.”

बाईंना हे काही उगीच सुचलं नव्हतं. आदल्याच दिवशी फोरमनचा फोन आला होता. या फोरमनला सगळे खारूताई म्हणत. गडी चांगला आडदांड, मिशा दोन्ही बाजूंना झुपकेदार, पण खांबावर असा सरसर चढायचा की दुसरं नाव शोभलंच नसतं. तो फोनवर म्हणाला, “काका, आम्ही लाइन सोडली.” काका “बरं” म्हणाले आणि वीज चालू करायला त्यांनी हातही पुढे नेला. बाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी काकांच्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, “सोडली म्हणजे? काम संपलं का?”

“छे हो! जेवायला उतरलोय. जेवून परत चढतो.”

काका हसले. “मी विचारलंच असतं,” म्हणाले. बाई हसल्या नाहीत. जेवून, हात धुऊन, निवांत मनाने तारेला हात लावणारी माणसं त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात.

बंदीबरोबर शिक्षाही ठरली. ज्याच्या तोंडून शब्द निसटेल त्यानं सगळ्यांच्या चहाच्या कपबश्या विसळायच्या. पहिले काही दिवस काका नळापाशीच मुक्कामाला होते. मग एकदा नवऱ्याचा फोन आला असताना बाईच म्हणून गेल्या, “थांब रे, दुसऱ्या लाइनीवर साहेब आहेत.” काकांनी स्वतःचा कप रिकामा केला आणि बाईंच्या पुढ्यात ठेवला. बाई बाह्या सरसावून उठल्या आणि कपबश्या लख्ख घासून आल्या. त्यानंतर लोकांनी ती बंदी मनावर घेतली.

घरी मात्र कोणी भीक घालत नव्हतं. नणंदेच्या लग्नाचं बघणं चाललं होतं. सासऱ्यांनी विचारलं, “मुलगा कुठल्या लाइनीत आहे?”

“कुठल्या धंद्यात म्हणा ना, मामंजी,” बाई सवयीने बोलून गेल्या.

“वहिनी,” नणंद म्हणाली, “कॉलेजात एक जण माझ्यावर लाइन मारायचा. त्याला आता काय म्हणू? तार टाकायचा?”

सासऱ्यांना चहाचा असा ठसका लागला की सासूबाई पाठ चोळायला धावल्या. बाईही पोट धरून हसल्या. घरातली भाषा सुधारायला त्या निघालेल्या नव्हत्याच. घरात चुकीचं ऐकलं तर फार तर हसू होतं, एवढा फरक त्यांना पक्का ठाऊक होता.

मग ते वादळ झालं.

दुपारी वारा असा सुटला की कंट्रोल रूमच्या काचा थडथडायला लागल्या. टेकडीच्या रस्त्यावर निलगिरीचं झाड तारांवर आडवं झालं. खारूताई दोन माणसं घेऊन गाडीतून वर गेला. थोड्या वेळानं त्याचा फोन आला, आणि शिकवल्याप्रमाणे तो पूर्ण वाक्यात बोलला: “बाई, टेकडीकडची वीज बंद करा. मी आणि दोघं जण तारेवर कामाला चढतोय.”

बाईंनी स्वतः वीज बंद केली. काकांनी बटणावर ‘माणसं कामावर’ ही पाटी अडकवली. नियम एकच होता. ज्यानं बंद करायला सांगितलं, त्यानंच स्वतःच्या तोंडानं चालू करायला सांगायचं.

पण टेकडीवर शहराचा पाण्याचा पंप होता. तो बंद पडला तशी खालच्या टाक्या आटायला लागल्या. मोठ्या साहेबांचा फोन आला. साहेब तसे वाईट नव्हते, पण त्या दिवशी त्यांच्या मागे दहा जण लागले होते.

“मॅडम, हॉस्पिटलच्या टाकीनं तळ गाठलाय. ऑपरेशनं थांबतील. किती वेळ?”

“माणसं तारेवर आहेत, साहेब. तोवर हॉस्पिटलला टँकर पाठवा.”

“टँकरचं बघतो मी. पण वीज कधी?”

तेवढ्यात टेबलावरचा दुसरा फोन वाजला. काकांनी स्पीकर चालू करून घेतला. वाऱ्याच्या घोंघाटातून एक आवाज ओरडला, “सबस्टेशन ना? मी गाडीचा ड्रायव्हर! फोरमननी कळवायला सांगितलंय! लाइन सोडली! सगळं मोकळं झालंय!” आणि फोन कट झाला.

काका उठलेच. “झालं, बाई! सुटलो!” त्यांनी पाटी काढायला हात घातला.

पहिल्या फोनमधून साहेबांचा आवाज आला, “मीही ऐकलं. करा चालू.”

“काका, पाटीला हात लावू नका,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांनी चढवला नाही. काकांचा हात मात्र जागच्या जागी थबकला.

“मॅडम, मी तुम्हाला आदेश देतोय,” साहेब म्हणाले.

“आदेश ऐकला, साहेब. खारूताईचा आवाज अजून ऐकला नाही.”

“अहो, त्याच्याच ड्रायव्हरनं सांगितलं ना! हॉस्पिटलात कोणाचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण?”

हा प्रश्न बाईंना लागला. खोटा नव्हताच तो. पलंगावर झोपलेला, ज्याचं तोंडही आपण पाहिलेलं नाही असा कोणीतरी त्यांच्या मनात आला. पण टाकीला टँकर हा उपाय होता. तारेवरच्या माणसाला दुसरा उपाय नव्हता.

“उशिराला जबाबदार मी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही टँकर पाठवा आणि फोन चालू ठेवा. काका, खारूताईला लावा.”

काकांनी लावला. नुसती घंटी वाजत राहिली. ड्रायव्हरचा लावला, तो व्यस्त. पुन्हा लावला. “बाई, फोरमननीच कळवायला सांगितलंय म्हणाला तो. उगाच कशाला कोण...” ते पुटपुटले.

“असेल सांगितलं. काय सांगितलं, ते विचारू या.”

अखेर ड्रायव्हरने फोन उचलला.

“कुठली लाइन सोडली तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“गाड्यांची हो! झाडामुळं ही मोठी लाइन लागली होती, पार वळणापर्यंत. फांद्या बाजूला ओढल्या आणि एका अंगानं गाड्या सोडल्या. फोरमन म्हणाले, सबस्टेशनला सांग, रस्ता मोकळा झालाय, सामानाची दुसरी गाडी वर पाठवा म्हणावं.”

“आणि फोरमन कुठे आहेत?”

“ते काय, वरच! पट्ट्याला लोंबकळून तार ओढतायत. बाकीचे दोघं पलीकडच्या खांबावर.”

काकांनी पाटीकडे पाहिलं. पाटी बटणावर होती तशीच होती, पण तिचा एक कोपरा त्यांच्या ओढीने वाकडा झाला होता.

पहिल्या फोनवर साहेब सगळं ऐकत होते. मग घसा खाकरल्याचा आवाज आला. “टँकर निघतोय. मी स्वतः बघतो,” साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बाईंनी सामानाची गाडी वर धाडली. मग फोनसमोर बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने तो वाजला.

“बाई, खारूताई बोलतोय. काम संपलं. आम्ही तिघंही खाली रस्त्यावर उभे आहोत, तारेवर कोणी नाही. टेकडीची वीज चालू करा.”

“तिघांचाही आवाज ऐकवा,” बाई म्हणाल्या.

एकेकानं “आहे, बाई” म्हटलं. मग त्यांनी काकांकडे पाहून मान हलवली. काकांनी पाटी काढली, तिचा कोपरा सरळ केला आणि बटण दाबलं. टेकडीवरचा पंप सुरू झाला.

संध्याकाळी खारूताई चिखलानं माखून आला तेव्हा काकांनी त्याला सगळं सांगितलं. स्वतःचा हात कुठवर गेला होता, तेही लपवलं नाही. खारूताईनं हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. मग काकांच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, “पोटात कावळे ओरडतायत. काही खायला आहे का?”

ड्रायव्हर दारातच अवघडून उभा होता. बाईंनी त्यालाही आत बोलावून बसवलं. “तुम्ही खोटं काहीच बोलला नाहीत,” त्या म्हणाल्या. “ही सवय आम्ही फक्त खांबावर चढणाऱ्यांना लावली, गाडी चालवणाऱ्यांना नाही. ती चूक माझी.”

पुढच्या बैठकीत उशिराचा विषय निघाला. दुसऱ्या सबस्टेशनचे एक इंजिनीअर हसून म्हणाले, “एका शब्दासाठी अख्ख्या शहराचं पाणी अडवलं म्हणे!”

“तीन माणसांसाठी,” बाई म्हणाल्या. “पुन्हा वेळ आली तर पुन्हा अडवीन.”

साहेबांनी समोरची पेन्सिल उगाच उजवीकडून डावीकडे ठेवली. “हॉस्पिटलचं एकही ऑपरेशन थांबलं नाही,” ते म्हणाले. “आणि चालू करण्याचा आदेश मी दिला होता, हेही सगळ्यांना माहीत असू द्या. मॅडम, बाकीच्या सबस्टेशनांत जाऊन हे शिकवाल का?”

“शिकवीन. पण खारूताईला बरोबर द्या.”

“त्याचं काय काम तिथं?”

“मी नुसती बोलले तर लोक जांभया देतील, साहेब. त्याला बघितलं की ऐकतील.”

आणि तसंच झालं. पहिल्याच ठिकाणी हॉल भरलेला होता, मागच्या रांगेत डुलक्या सुरू होत्या. बाईंनी दोन वाक्यांत वादळाची दुपार सांगितली आणि बाजूला झाल्या. खारूताई पुढे आला, मिशांवरून हात फिरवला आणि म्हणाला, “नमस्कार मंडळी. तेव्हा तारेवर होतो, तो मी.”